माल्कम यंगचा उजवा हात

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या कुठल्याही मैफलीचं चित्रीकरण बघायला बसलं की नजर आपोआप अँगस यंगकडे जाते. शाळेचा गणवेश, अर्धी चड्डी, गळ्यात गिटार, आणि एका पायावर उड्या मारत स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा माणूस. माझी नजरही कित्येक वर्षं त्याच्यावरच होती. एकदा कधीतरी ती मागे सरकली, ड्रमच्या शेजारी गेली, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसावरून हलेना. साधी जीन्स, साधा शर्ट, मागे अँपची, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेट्यांची, भिंत. कोरस, म्हणजे गाण्याचं धृपद, जवळ आला की तो चार पावलं पुढे यायचा, मायक्रोफोनमध्ये त्या ओळी गायचा आणि वळून पुन्हा आपल्या जागी जायचा. दुसऱ्या बाजूने बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा क्लिफ विल्यम्सही तसाच पुढे यायचा, तसाच मागे जायचा. दोन तासांत एवढीच हालचाल. बाकी सगळा वेळ त्याचा फक्त उजवा हात चालू असायचा.

तो माल्कम यंग. अँगसचा मोठा भाऊ, बँडचा संस्थापक, आणि माझ्या मते रॉकमधला सगळ्यात मोठा ऱ्हिदम गिटारवादक. ‘ऱ्हिदम गिटार’ म्हणजे नेमकं काय, ती चांगली वाजवणं इतकं अवघड का, आणि मोजक्याच कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या जुळण्यांवर, चालणारं संगीत एवढं जड, एवढं प्रचंड कसं वाटतं, हे मला इथे समजावून सांगायचंय. रॉक कधी ऐकलेलं नसलं तरी चालेल. तानपुरा आणि तबला कानावरून गेला असेल तर अर्धं काम झालेलंच आहे.

आधी माणसं कोण ते थोडक्यात. यंग कुटुंब स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं. १९६३ साली ते ऑस्ट्रेलियात, सिडनीला स्थलांतरित झालं. आठ भावंडं. त्यातला जॉर्ज यंग दोन-तीन वर्षांतच ‘द ईझीबीट्स’ या बँडमधून ऑस्ट्रेलियाभर गाजला, म्हणजे घरात एक स्टार आधीच होता. धाकट्या माल्कम आणि अँगसने १९७३ मध्ये स्वतःचा बँड काढला. बहीण मार्गारेटच्या नजरेला शिवणयंत्रावरची ‘एसी/डीसी’ ही अक्षरं पडली आणि बँडला नाव मिळालं. शाळेच्या गणवेशाची कल्पनाही तिचीच. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सिडनीतल्या एका नाइटक्लबमध्ये त्यांनी पहिला कार्यक्रम केला. १९७४ मध्ये बॉन स्कॉट गायक म्हणून आला, १९७५ मध्ये फिल रड ड्रमवर आला, १९७७ मध्ये क्लिफ विल्यम्स बासवर. तेव्हापासून गाडी चालू आहे. २०२४ आणि २०२५ मध्येही बँड दौऱ्यावर होता.

सुरुवातीला माल्कमही सोलो, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायची सुरावट, वाजवायचा, आणि उत्तम वाजवायचा. मग ते काम त्याने अँगसकडे सोपवलं आणि स्वतः मागे उभा राहून ऱ्हिदम, म्हणजे गाण्याखालची लय आणि कॉर्ड्स, धरली. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. बँड त्याचा, गाण्यांचा पाया बहुतेक वेळा त्याचा, आणि लोकांनी बघावं कुणाकडे, तर धाकट्या भावाकडे, हे त्यानेच ठरवलं.

आता आवाजाकडे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचं चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. वर लोखंडी तार थरथरली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो अँपमध्ये जातो, मोठा होतो आणि स्पीकरमधून बाहेर येतो. अँपला झेपेल त्याहून मोठा आवाज मागितला की लहरींची शेंडी आणि तळ कापले जातात. वर-खाली गोलाईने जाणारी लहर सपाट माथ्याची होते. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात, आपल्याकडे लोक म्हणतात ‘फाटलेला आवाज’. रॉकमधल्या गिटारचा तो ओळखीचा खरखरीत, गुरगुरता पोत इथून येतो.

पण लहर कापली गेली की आणखी एक गोष्ट घडते, आणि सगळी गंमत तिच्यात आहे. एकाच वेळी दोन स्वर वाजवले तर कापल्या गेलेल्या आवाजात त्या दोघांशिवाय नवे स्वर जन्माला येतात. त्यांतले मुख्य दोन म्हणजे मूळ स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी. उदाहरण घेऊ. गिटारची पाचवी तार सुटी वाजवली तर ती सेकंदाला ११० वेळा कंप पावते. तिला षड्ज माना. तिचा पंचम साधारण १६५ वर येतो. वजाबाकी ५५. म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. गिटारवर कुणीही न वाजवलेला खर्ज आपोआप हजर! बेरीज २७५, तो वरच्या सप्तकातला शुद्ध गांधार. तोही कुणी वाजवलेला नाही. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गांधार ऐकू येतो हे आपण जाणतोच. तिथलं कारण वेगळं, तो तारेच्या स्वतःच्या उपस्वरांतून येतो, पण कानाला मिळणारं सुख एकाच जातीचं आहे. दोन स्वर वाजवावेत आणि चार ऐकू यावेत.

षड्ज-पंचमाच्या या जोडीला रॉकवाले ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. नाव दमदार आहे, पण आत बसलाय आपला सा आणि प.

आता या जोडीत तिसरा स्वर, गांधार, स्वतः वाजवून बघा. गिटारचा गांधार मुळातच शुद्ध गुणोत्तरापेक्षा थोडा चढा असतो, १३७.५ च्या जागी जवळपास १३८.६. त्याच्या आणि षड्जाच्या वजाबाकीतून येणारा २८.६ चा स्वर कशातच नीट बसत नाही. बेरजेचंही तसंच. तीन स्वर म्हटल्यावर जोड्या तीन, आणि प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळी. आवाज फार फाडलेला असेल तर सगळा गाळ होतो. म्हणून खूप डिस्टॉर्शन वापरणारे बँड सहसा दोन स्वरांच्या पुढे जात नाहीत.

माल्कमने तिसरा रस्ता धरला. त्याने फाटणंच कमी केलं. अँप मार्शलचे, मोठ्या ताकदीचे, आवाज प्रचंड, पण फाटण्याचं प्रमाण इतर हेवी बँडच्या मानाने खूपच कमी. त्यामुळे तो चार-पाच-सहा तारांच्या पूर्ण, सुट्या तारांच्या कॉर्ड्स वाजवू शकायचा, ज्या शिकाऊ मुलगा पहिल्या महिन्यात शिकतो त्याच. आणि त्यात प्रत्येक तार वेगळी ऐकू यायची. गाळ नाही. पहिल्यांदा मी हे लक्ष देऊन ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. इतकी वर्षं ज्याला मी दगडासारखा घट्ट आवाज समजत होतो त्याच्या आत मोकळी हवा खेळत होती.

याचा दुसराही फायदा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. डिस्टॉर्शन वाढवलं की हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं यांतला फरक पुसला जातो, कारण माथे कापून सगळं एकाच उंचीला आणलेलं असतं. कमी ठेवलं तर हाताचा जोर जसाच्या तसा ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो. मग कुठली कॉर्ड जोरात मारायची, कुठली नुसती पुसायची, कुठे तळहात ठेवून तार दाबायची, हे सगळं उजव्या हाताने सांगायचं. लपायला जागाच नाही. तबलियाच्या बोटांचं वजन जसं बोलाबोलातून कळतं तसं माल्कमच्या हाताचं कळतं.

त्याची गिटारही याच विचाराची. १९६३ ची ग्रेच जेट फायरबर्ड, हॅरी वँडाकडून आलेली. हॅरी हा जॉर्जचा ईझीबीट्समधला जोडीदार, पुढे या बँडच्या सुरुवातीच्या तबकड्यांचा जॉर्जबरोबरचा निर्माता. माल्कमने त्या गिटारवरचा लाल रंग खरवडून काढला. ब्रिजजवळचा, म्हणजे तारांच्या घोडीजवळचा, एक पिकअप ठेवला आणि बाकीचं काढून टाकलं. काढलेल्या जागांची भोकं तशीच दिसतात. वर जाड तारा चढवल्या. जाड तारेला त्याच स्वरावर आणायला जास्त ताण द्यावा लागतो, त्यामुळे कितीही जोरात मारली तरी ती फार डगमगत नाही, स्वर वर चढत नाही. पण बोटांना त्रास होतो. बहुतेक गिटारवादक त्या वाटेला जात नाहीत.

हे सगळं झालं आवाजाचं. आवाजाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे तो कधी थांबतो.

‘बॅक इन ब्लॅक’ या गाण्याची सुरुवात आठवा, किंवा आत्ताच लावा. आधी हाय-हॅटची (ड्रमवरच्या जोडझांजेची) टिकटिक आणि दाबलेल्या तारांची खसखस, लय मोजून देणारी. मग एक भक्कम कॉर्ड. मग काहीच नाही. मग तीन घाव. पुन्हा काही नाही. मग आणखी तीन. तीन कॉर्ड्स, आणि मधल्या रिकाम्या जागा. नवखा वादक हे वाजवतो तेव्हा तो घाव बरोबर मारतो पण तारा वेळेवर बंद करत नाही. कॉर्डची शेपटी पुढच्या रिकाम्या जागेत लोंबत राहते आणि सगळा डौल जातो. माल्कम आणि अँगस दोघंही एकाच क्षणी सुरू होतात, आणि त्याहून अवघड म्हणजे, एकाच क्षणी गप्प होतात. त्या गप्प होण्यात आपल्याला ड्रम ऐकू येतो, स्टुडिओची खोली ऐकू येते, आणि पुढचा घाव किती मोठा असणार याची अंगाला आधीच चाहूल लागते.

जडपणा मोजायला आधी हलकेपणा लागतो. भिंतीसारखा अखंड आवाज दोन मिनिटांत कानाला सपाट वाटू लागतो, कारण तुलनेला काही उरत नाही. या बँडला हे फार लवकर उमगलं होतं. या गाण्याची लय मिनिटाला साधारण ९४ ठोक्यांची आहे, निवांत चालणाऱ्या माणसाची. हेवी रॉक म्हणजे वेगवान, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढ्यासाठी तरी हे ऐकावं.

आता ठेका. फिल रडचं काम समजायला चार मात्रा मोजा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पायाने वाजणारा मोठा ढोल, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, आणि वर हाय-हॅटचं सतत मोजणं. आपल्या कानाला समेवर वजन द्यायची सवय असते. इथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं, टाळीही तिथेच द्यायची. रड गाणंच्या गाणं हाच ठेका धरून बसतो. तिहाई नाही, उठाण नाही, ड्रमवरून गडगडत जाणं जवळजवळ नाहीच. दुसरा एखादा ड्रमर जिथे आपली तयारी दाखवेल तिथे तो फक्त एक झांज वाजवतो आणि पुन्हा ठेक्यावर येतो. क्लिफ विल्यम्सचा बासही असाच, कॉर्डचा मूळ स्वर धरून सारख्या अंतराने चालत राहणारा. त्याचे स्वर वेगळे काढून ऐकले तर कदाचित कंटाळा येईल. गाण्यातून तो काढून टाकला तर गाणं उभंच राहणार नाही.

या तिघांचं मिळून जे होतं त्याला मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे लेहरा. तबल्याच्या एकलवादनात सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लेहरा चालू असतो. एकच ओळ, तासभर, तीच. दाद तबलियाला मिळते. पण लेहरा धरणारा केसभर सरकला की तबलिया कितीही मोठा असो, त्याच्या पायाखालची जमीन जाते. एकच ओळ शंभरदा वाजवताना ती एकदाही थकलेली वाटू नये, हे काम ज्याने केलंय त्यालाच त्याची किंमत कळते. माल्कम, विल्यम्स आणि रड तसा लेहरा धरतात, आणि त्याच्यावर अँगस मोकाट सुटतो.

अँगसबद्दलही थोडं सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्याचे सोलो ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून, आलेले आहेत. बहुतेक वेळा पाचच स्वर, सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्या धानी रागाचेच स्वर. खाली माल्कमच्या कॉर्डमध्ये शुद्ध गांधार वाजत असतो आणि वर अँगस कोमल गांधाराला तार ओढून शुद्धाच्या दिशेने नेतो, पण पूर्ण पोचू देत नाही. दोन गांधारांमधली ती ओढाताण म्हणजे ब्लूजचा प्राण. त्याची गिब्सन एसजी वजनाला हलकी, आवाजाला तीक्ष्ण. ‘बॅक इन ब्लॅक’च्या ध्वनिमुद्रणात त्याने शेफर-व्हेगा नावाची वायरलेस यंत्रणा वापरली होती, जी खरं तर स्टेजवर वायरीच्या गुंत्याशिवाय पळता यावं म्हणून होती. ती यंत्रणा आवाज दाबून थोडा वाढवून पुढे पाठवायची आणि त्याने त्याच्या स्वरांना एक वेगळी धार आली. म्हणजे दोन भावांच्या गिटारींचे पोत मुळातच वेगळे. एक रुंद आणि मोकळा, दुसरा अरुंद आणि धारदार. ध्वनिमुद्रणात त्यांना दोन बाजूंना ठेवलेलं असतं. हेडफोन लावा, आधी एक कान झाका, मग दुसरा. एकाच रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, दोन माणसं किती वेगळी वागतायत ते ऐका, आणि मग दोन्ही कान उघडा.

याला ‘हेवी मेटल’ म्हटलेलं या बँडला कधीच रुचलं नाही. ते स्वतःला रॉक अँड रोल वाजवणारेच म्हणवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ‘रॉक’ म्हणजे धक्का आणि ‘रोल’ म्हणजे झोका. मात्रेचे दोन अगदी समान भाग केले तर चाल लष्करी होते. पहिला भाग किंचित लांबवला, दुसरा किंचित आखडला तर तिला झोका येतो. या बँडचा ठेका या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, कागदावर लिहिता येणार नाही अशा जागी. म्हणून त्यांची गाणी इतके बँड वाजवतात आणि तरी ती तशी वाटत नाहीत. स्वर सगळे बरोबर असतात, झोका नसतो.

झोका नेमका टिकवून ठेवायचं शिक्षण त्यांना जॉर्जकडून मिळालं. तो आणि हॅरी वँडा सुरुवातीच्या तबकड्यांचे निर्माते होते आणि त्यांना सफाईपेक्षा जिवंतपणा हवा असायचा. १९७७ च्या ‘लेट देअर बी रॉक’च्या ध्वनिमुद्रणात अँगसच्या अँपमधून धूर निघायला लागला. काचेपलीकडून जॉर्ज हातवारे करत राहिला: थांबू नको, वाजव. टेक पूर्ण झाला तेव्हा अँप संपला होता. त्या तबकडीत गिटारची खरखर, तारांवरचा हात, अँपची गुणगुण सगळं ऐकू येतं. मला ती त्यांच्या सगळ्या कामात सगळ्यात कच्ची आणि सगळ्यात प्रिय वाटते.

१९७९ मध्ये निर्माता बदलला. मट लँग आला, जो एकेका ओळीवर तासन् तास घालवणारा माणूस. त्याने कोरस घासूनपुसून घेतले, मागचे आवाज एकात एक बसवले, पण गाभ्याला हात लावला नाही. ‘हायवे टु हेल’ ही तबकडी अमेरिकेत पहिल्या वीसांत गेली. दार उघडलं होतं. आणि १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये बॉन स्कॉट गेला. तो ३३ वर्षांचा होता.

बॉन हा या बँडचा आवाज होताच, शिवाय शब्दही बरेचसे त्याचे. खट्याळ, चावट, रस्त्यावरच्या माणसाचे. लहानपणी स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात आलेला, फ्रीमँटलच्या बॅगपाइप पथकात ड्रम वाजवलेला. त्या पूर्वपुण्याईवर जॉर्जने त्याला एका गाण्यात बॅगपाइप वाजवायला लावली. तो पाइपवाला नव्हताच, पण शिकला. १९७६ मध्ये मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर उभं राहून बँड ते गाणं वाजवतोय, मागे पाइपवाले, रस्त्यावर लोक बघतायत, हे चित्रीकरण आजही बघताना मला भरून येतं.

बॉनच्या नंतर काही आठवड्यांतच बँडने ब्रायन जॉन्सनला घेतलं. न्यूकॅसलकडचा, ‘जॉर्डी’ बँडचा गायक, ज्याचं बॉननेच कधीकाळी भावांजवळ कौतुक केलं होतं. एप्रिलमध्ये ते बहामाजमधल्या नॅसाऊला गेले आणि २५ जुलै १९८० ला ‘बॅक इन ब्लॅक’ ही तबकडी बाहेर आली. माणूस गेल्यापासून अवघ्या पाच महिन्यांत. मुखपृष्ठ काळं, दुखवट्याचं. आत एकही रडगाणं नाही. सुरुवात होते ती घंटेने. त्यासाठी इंग्लंडमधल्या लफबरोच्या जॉन टेलर या घंटा ओतणाऱ्या कारखान्यात सुमारे टनभर वजनाची कांस्याची घंटा बनवून घेतली होती. घंटा वाजते, तिची आस हवेत विरत जाते, आणि त्या विरण्यात गिटार हळूच शिरते. इथेही तेच, आधी जागा करून द्यायची, मग वाजवायचं. एवढ्या दुःखात त्यांनी आपली रीत सोडली नाही, आणि मला वाटतं त्या रीतीनेच त्यांना उभं ठेवलं. पुढे एकट्या अमेरिकेत या तबकडीच्या अडीच कोटींहून जास्त प्रती गेल्या.

त्यांच्यावरचा कायमचा आक्षेप म्हणजे सगळी गाणी सारखीच. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण ऐंशीच्या दशकाच्या मध्याला काढलेल्या काही तबकड्या खरंच अशक्त आहेत. रड १९८३ मध्ये बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी आलेल्यांनी सगळं बरोबर वाजवूनही तो झोका काही आला नाही. १९९४ मध्ये रड परतला आणि लगेच फरक ऐकू येतो. म्हणजे कॉर्ड्स त्याच, रचना त्याच, एक माणूस बदलल्यावर गाणं बदललं. सगळं सारखंच असतं तर हे झालं नसतं. इतक्या अरुंद चौकटीत काम केलं की बारीकसारीक फरकच सगळं काही होऊन बसतात. एकच राग चाळीस वर्षं गाणाऱ्याला कुणी विचारत नाही की नवा कधी घेणार.

२००८ ते २०१० च्या जगभरच्या दौऱ्यात माल्कमला विस्मरण सुरू झालं होतं. स्वतःच बांधलेले, तीस-पस्तीस वर्षं वाजवलेले रिफ त्याला कार्यक्रमाआधी पुन्हा शिकावे लागत होते, असं अँगसने नंतर सांगितलं. तरी तो उभा राहिला आणि दौरा पूर्ण केला. त्या काळातलं, डिसेंबर २००९ मधलं ब्वेनोस आयरेसच्या रिव्हर प्लेट स्टेडियमचं चित्रीकरण उपलब्ध आहे. ते बघताना मी त्याच्या उजव्या हातावरून नजर हलवू शकत नाही. हाताला सगळं आठवत होतं.

२०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे तो बँडमधून बाहेर पडला. १८ नोव्हेंबर २०१७ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी तो गेला. जॉर्ज त्याच्या आधी, त्याच ऑक्टोबरमध्ये गेला होता.

माल्कमच्या जागी उभा राहिला त्याचा पुतण्या स्टीव्ही यंग. वयाने काकांच्याच बरोबरीचा, ग्रेचच वाजवणारा. १९८८ मध्ये माल्कम दारू सोडण्यासाठी काही काळ दूर होता तेव्हाही त्याची जागा स्टीव्हीनेच धरली होती. २०१६ मध्ये ब्रायन जॉन्सनला बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्ध्यात सोडावा लागला, तेव्हा बहुतेकांनी बँड संपला असंच धरलं होतं. पण नोव्हेंबर २०२० मध्ये ‘पॉवर अप’ आली, जॉन्सन, रड आणि विल्यम्स तिघंही परतलेले. त्यातली गाणी माल्कम आणि अँगसने पूर्वी जमवून ठेवलेल्या कल्पनांवर उभी आहेत आणि श्रेय दोघांच्या नावावर आहे. तबकडी माल्कमला अर्पण केलेली आहे.

अलीकडच्या दौऱ्यांत अँगस सत्तरीला टेकलेला दिसतो, पांढरे केस, तरीही अर्ध्या चड्डीत. मी आता त्याच्याकडे बघत नाही. मी मागे, ड्रमच्या शेजारी बघतो. कोरस जवळ आला की स्टीव्ही चार पावलं पुढे येतो, मायक्रोफोनमध्ये त्या ओळी गातो, आणि वळून पुन्हा आपल्या जागी जातो.